लेखापरीक्षक आणि हिशेबी फसवणूक

लेखापरीक्षक : कंपनी, बँक किंवा सहकारी संस्था यांनी तयार केलेली हिशेबपत्रके त्या संस्थेची खरी व वाजवी आर्थिक स्थिती दाखवतात की नाही, याविषयी स्वतंत्र मत देणारी सनदी किंवा शासननियुक्त व्यक्ती. हिशेब ठेवणे व पत्रके मांडणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी असून त्यांची तपासणी करून मत देणे एवढेच लेखापरीक्षकाचे काम आहे, आणि ही विभागणी नीट ध्यानात घेतल्याखेरीज फसवणुकीच्या प्रकरणांत त्याच्याकडे कोणता दोष जातो व कोणता जात नाही, हे ठरवता येत नाही. हिशेबी फसवणुकीचे स्थूलमानाने दोन प्रकार मानले जातात : संस्थेचा पैसा वा माल परस्पर लांबवणे म्हणजे अपहार, आणि गुंतवणूकदार, ठेवीदार वा शासन यांची दिशाभूल व्हावी या हेतूने पत्रकांतील आकडे फुगवणे, दडवणे किंवा बनावट नोंदी करणे म्हणजे खोटे वित्तीय निवेदन. पहिला प्रकार बहुधा नोकरवर्गाकडून व दुसरा बहुधा वरिष्ठांकडून घडतो. मोठ्या प्रकरणांत मात्र दुसरा प्रकार पहिल्यावर पांघरूण घालण्यासाठी वापरला जातो.

पूर्वपीठिका : तपासणाऱ्याची नेमणूक व बडतर्फी ज्याची तपासणी करायची त्याच्या हाती नसावी, हे तत्त्व महाराष्ट्रात आधुनिक कंपनी कायद्याहून जुने आहे. मराठेशाहीत परगण्याच्या मामलेदाराबरोबर मजमूदार, फडणीस, दफ्तरदार इत्यादी दरखदार असत; ते वंशपरंपरागत असल्याने मामलेदाराला त्यांना दूर करता येत नसे आणि त्यांच्या संमतीवाचून हिशेब पुरा होत नसे. इंग्लंडमध्ये १८९६ साली किंग्स्टन कॉटन मिल या खटल्यात अपील न्यायालयाने लेखापरीक्षकाला राखण करणाऱ्या कुत्र्याची उपमा दिली आणि वास काढत शिकारीमागे जाणे हे त्याचे काम नाही, असे म्हटले. या गिरणीच्या व्यवस्थापकाने शिल्लक मालाचे आकडे वर्षानुवर्षे फुगवले होते आणि लेखापरीक्षक त्याच्याच दाखल्यावर विसंबून राहिले होते. तरीही संशयाला जागा नव्हती या कारणाने न्यायालयाने त्यांना जबाबदार धरले नाही. या निकालाचा आधार भारतातील लेखापरीक्षक पुढे अनेक दशके घेत आले. १९३८ मध्ये अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीच्या वह्यांतील गोदामे व येणी काल्पनिक असल्याचे उघड झाल्यावर साठ्याच्या मोजणीला लेखापरीक्षकाने स्वतः हजर राहणे आणि ऋणकोंकडून थेट पुष्टी मागवणे या दोन गोष्टी तेथे प्रमाण ठरल्या. भारतात १ जुलै १९४९ रोजी भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली.

कंपनी कायद्यातील तरतुदी : कंपनी अधिनियम, २०१३ याच्या कलम १४३ (१२) नुसार, कंपनीच्या अधिकाऱ्यांनी वा कर्मचाऱ्यांनी १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक रकमेची फसवणूक केली असे मानण्यास कारण असल्यास लेखापरीक्षकाने केंद्र शासनाला कळवणे बंधनकारक आहे. त्याने प्रथम २ दिवसांच्या आत संचालक मंडळाला किंवा लेखापरीक्षण समितीला कळवून ४५ दिवसांत खुलासा मागवावा आणि खुलासा मिळाल्यापासून १५ दिवसांत आपल्या अभिप्रायासह अहवाल पाठवावा. खुलासा न आल्यास तसे नमूद करून पाठवावा. १ कोटीहून कमी रकमेची बाब मंडळाला कळवली जाते व मंडळाच्या वार्षिक अहवालात तिचा उल्लेख येतो. कलम १३९ नुसार सूचिबद्ध व विहित वर्गांतील कंपन्यांत वैयक्तिक लेखापरीक्षकाला सलग ५ वर्षे व पेढीला सलग १० वर्षे यांहून अधिक काळ राहता येत नाही. कलम १४४ नुसार ज्या कंपनीचे लेखापरीक्षण करायचे तिचेच हिशेब लिहिणे, अंतर्गत लेखापरीक्षण, गुंतवणूक सल्ला इत्यादी सेवा देण्यास मनाई आहे. स्वतंत्र नियामक म्हणून राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण १ ऑक्टोबर २०१८ रोजी अस्तित्वात आले असून व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते दंडाबरोबर ६ महिने ते १० वर्षे व्यवसायबंदी करू शकते.

सहकार कायद्यातील तरतुदी : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याचे कलम ८१ लेखापरीक्षणाविषयी आहे. पूर्वी हे काम प्रामुख्याने सहकार खात्याचे लेखापरीक्षक करीत. ९७व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये झालेल्या बदलांनुसार संस्थेची सर्वसाधारण सभा शासनमान्य नामतालिकेतून आपला लेखापरीक्षक स्वतः नेमते. हिशेबासंबंधी गुन्हा घडल्याचा निष्कर्ष निघाल्यास त्याने १५ दिवसांत निबंधकाकडे विशिष्ट अहवाल दाखल करावा आणि निबंधकाच्या लेखी परवानगीने प्रथम माहिती अहवाल, म्हणजेच फिर्याद, नोंदवावी, असे कायदा सांगतो. कसूर केल्यास नामतालिकेतून नाव कमी होऊ शकते. कंपनी कायद्यात लेखापरीक्षकाची जबाबदारी शासनाला कळवण्यापाशी संपते, तर सहकार कायदा त्याला थेट पोलीस ठाण्यापर्यंत नेतो, हा दोहोंतील महत्त्वाचा फरक आहे. तपासणीअंती संस्थेला अ, ब, क किंवा ड वर्ग दिला जातो. पतसंस्थांच्या फलकांवर व जाहिरातींत ‘ऑडिट वर्ग अ’ असा उल्लेख ठळकपणे केलेला असतो आणि ठेवीदार त्यालाच सुरक्षिततेची हमी समजतात. वस्तुतः हा वर्ग मागील वर्षाच्या कामकाजाविषयीचा अभिप्राय असतो, आणि बँकेतील ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना मिळणारे ठेव विम्याचे संरक्षण पतसंस्थेतील ठेवींना लागू नाही.

तपासणीची पद्धत : रोजकीर्द, खतावणी आणि व्हाउचर यांचा मेळ बसणे हा तपासणीचा आरंभ असतो, शेवट नव्हे, कारण बनावट नोंदीलाही बनावट व्हाउचर जोडता येते. म्हणून ज्याच्या ताब्यात मालमत्ता असल्याचे सांगितले जाते त्या त्रयस्थाकडून लेखापरीक्षकाने थेट खातरजमा करून घेणे, म्हणजेच बाह्य पुष्टी, हा फसवणूक उघड करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग मानला जातो. पुष्टीचे पत्र संस्थेमार्फत न जाता लेखापरीक्षकाकडून जावे व उत्तर त्याच्याकडेच यावे, ही त्यातील मुख्य अट आहे. पुढील प्रकरणांत बहुतेक ठिकाणी प्रश्न या एकाच मुद्द्यापाशी येऊन थांबतो.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक प्रकरण : जिल्हा मध्यवर्ती बँक गावोगावच्या सेवा सहकारी संस्थांमार्फत पीककर्ज पुरवते, त्यामुळे सर्व जिल्हा या बँकेच्या कार्यक्षेत्रात होता. वैधानिक तरलतेसाठी बँकांना आपल्या निधीचा काही भाग सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. २००१-०२ मध्ये या बँकेने होम ट्रेड, इंद्रमणी मर्चंट्स, सेंच्युरी डीलर्स, सिंडिकेट मॅनेजमेंट सर्व्हिसेस व गिल्टेज मॅनेजमेंट सर्व्हिसेस या खाजगी दलाल कंपन्यांमार्फत रोखे खरेदीसाठी मोठ्या रकमा दिल्या. वाशी येथील होम ट्रेड ही कंपनी क्रिकेट व चित्रपट क्षेत्रांतील नामांकितांना घेऊन केलेल्या जाहिरातींमुळे त्या काळी घरोघरी माहीत झाली होती. पैसे गेले, पण रोखे बँकेला मिळाले नाहीत. दलालाने दिलेली व्यवहारनोंद म्हणजे खरेदी ठरल्याचा कागद असतो, रोखा नव्हे. हिशेबात गुंतवणूक दिसत असली, तरी ती बँकेच्या ताब्यात आहे का, हा प्रश्न तपासणीत निर्णायक ठरला. एप्रिल २००२ मध्ये सहकार खात्याच्या विशेष लेखापरीक्षकांच्या फिर्यादीवरून नागपुरातील गणेशपेठ पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवण्यात आला. अपहाराची रक्कम सुमारे १५० कोटी रुपये होती. वर्धा व उस्मानाबाद येथील जिल्हा बँकांचेही पैसे होम ट्रेडकडे अडकले.

२२ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरच्या अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकारी न्यायालयाने बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवून प्रत्येकी ५ वर्षे सश्रम कारावासाची शिक्षा सुनावली व तिघांची निर्दोष मुक्तता केली. या शिक्षेमुळे केदार यांचे सावनेर मतदारसंघातील विधानसभा सदस्यत्व रद्द झाले. निकालास अपिलाद्वारे आव्हान देण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने केदार यांना जामीन दिला; दोषसिद्धीला मात्र स्थगिती मिळाली नाही. सहकार कायद्याच्या कलम ८८ नुसार नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्याची कार्यवाहीही दीर्घकाळ रेंगाळली. प्रकरणानंतरच्या दशकात नागपूर, वर्धा व बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँका भांडवलाअभावी अडचणीत आल्या. त्यात या प्रकरणाचा वाटा किती व थकीत पीककर्जाचा किती, याविषयी एकमत नाही. प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांनाही सरकारी रोखे कागदी स्वरूपात न ठेवता खात्यातील नोंदीच्या स्वरूपातच ठेवण्याचे बंधन घातले.

इतर प्रकरणे : हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून रोकड व बँक शिल्लक ५,०४० कोटी रुपयांनी फुगवल्याची कबुली दिली. शिल्लक ज्या बँकांत दाखवली होती त्यांच्याकडून स्वतंत्र पुष्टी घेतली असती, तर तफावत आधीच दिसली असती, हा लेखापरीक्षकांवरील मुख्य आक्षेप होता. ९ एप्रिल २०१५ रोजी झालेल्या शिक्षेत लेखापरीक्षण पेढीच्या दोन भागीदारांचाही समावेश होता. सेबीने २०१८ मध्ये या पेढीवर घातलेली २ वर्षांची बंदी रोखे अपील न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये रद्द केली.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले. एकाच बांधकाम समूहाची सुमारे ६,५०० कोटी रुपयांची कर्जे दडवण्यासाठी हजारो बनावट कर्जखाती दाखवल्याचा आरोप असून, लेखापरीक्षकांनाही अटक झाली होती. आयएल अँड एफएस समूहाच्या प्रकरणात, राजीनामा दिल्याने लेखापरीक्षकाविरुद्धची कंपनी अधिनियमाच्या कलम १४० (५) खालील कार्यवाही संपुष्टात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२३ रोजी दिला.

जबाबदारीविषयीचा वाद : लेखापरीक्षणाने वाजवी खात्री मिळते, पूर्ण हमी मिळत नाही, कारण तपासणी नमुन्यांवर आधारलेली असते आणि वरिष्ठांनी संगनमताने रचलेली फसवणूक नमुन्यांतून निसटू शकते, अशी व्यवसायाची भूमिका आहे. ठेवीदार व भागधारक यांची अपेक्षा याहून मोठी असते, आणि या दोहोंतील अंतराला अपेक्षांची दरी म्हटले जाते. नमुना किती घ्यावा याविषयी मतभेदाला जागा आहे. परंतु ताळेबंदातील सर्वांत मोठी मालमत्ता प्रत्यक्षात आहे की नाही हे त्रयस्थाला न विचारणे, याचे समर्थन नमुन्याच्या मर्यादेने होत नाही.

शुल्क : लेखापरीक्षकाचे शुल्क ज्या संस्थेची तपासणी करायची तीच देते.

मूल्यमापन : २०१३ नंतर सहकारी संस्थांना लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार मिळाल्याने स्वायत्तता वाढली, पण तपासणाऱ्याची नेमणूक तपासल्या जाणाऱ्याकडे गेली; निबंधकाचा फेरलेखापरीक्षणाचा अधिकार हा त्यावरील उरलेला एक अंकुश आहे. नागपूर प्रकरणातील फिर्याद शासनाने नेमलेल्या, बँकेच्या संचालकांना दूर करता न येणाऱ्या लेखापरीक्षकाची होती. तिच्यावरचा पहिला निकाल लागण्यास २१ वर्षांहून अधिक काळ लागला.