संकट आणि अनिश्चितता : बीड जिल्ह्यातल्या संस्थांचा इतिहास काय सांगतो?



आजचा विषय बीड जिल्ह्याचा. इतिहासाचा आहे, पण मी माणूस तत्त्वज्ञानाचा, त्यामुळे मध्येच एखादी व्याख्या आली तर सांभाळून घ्या. सुरुवात मात्र वर्गातल्या एका अनुभवानं करतो.

मराठवाड्यात शिकवायला लागलो तेव्हाची गोष्ट. दिवाळीनंतर हजेरी घ्यायला लागलो की ओळीनं दहाबारा नावांना उत्तरच यायचं नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, पोरं तर्कशास्त्राला कंटाळली! मग मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "सर, ती तोडीला गेलीत. पट्टा पडल्यावर येतील." म्हणजे ऊस तोडायला गेलीत, कारखान्याचा हंगाम संपला की परततील. तो हे इतक्या सहज म्हणाला की मीच ओशाळलो. आपल्या विद्यार्थ्यांचं वर्ष आपल्या कॅलेंडरप्रमाणे चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

इथे मला दोन शब्द वेगळे करायचे आहेत. एक 'संकट' आणि दुसरा 'अनिश्चितता'. संकट येतं आणि जातं. पूर येतो, भूकंप होतो. लोक धावून जातात, धान्य वाटतात, परत येतात. अनिश्चितता पाहुण्यासारखी येत नाही, ती घरातच राहते. यंदा पाऊस होईल का, मुकादम किती उचल देईल, पोरीची शाळा राहील का, हे प्रश्न दरसाल तेच असतात आणि त्यांची उत्तरं दरसाल वेगळी. संकटाला मदत पुरते. अनिश्चिततेला कुणीतरी कायम जागेवर असावं लागतं. बीडमधल्या चांगल्या संस्थांचा इतिहास म्हणजे हा फरक समजून घेण्याचा इतिहास आहे, असं माझं म्हणणं आहे.

आता मागे जाऊ या. बीड हा निजामाच्या राज्यातला जिल्हा. देश स्वतंत्र झाला तरी मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ ला. सिंचन, शिक्षण, रस्ते, सगळंच उशिरा. वर बालाघाटचे डोंगर, हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस. त्यात १९७२ चा दुष्काळ आला. माझ्या वयाच्या श्रोत्यांना मिलो ज्वारी आणि सुकडी आठवत असेल. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते.

त्या दुष्काळानं एक विचार पक्का केला. भुकेल्याला धान्य देणं ही दया, पण मागेल त्याला काम मिळणं हा हक्क. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधीच मांडून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना राज्यभर गेली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. बघा, मुंबईचा कारकून आणि आष्टी-पाटोद्याचा मजूर एका धाग्यानं बांधले गेले! पुढे २००५ मध्ये देशानं केलेल्या कायद्याच्या मागे हाच अनुभव होता.

पण हक्क कागदावर आला म्हणून घरात येत नाही. कामाची मागणी लिहून द्यावी लागते, मजुरी अडली तर तहसीलला जाऊन विचारावं लागतं. हे एकट्या माणसाला जमत नाही, त्यासाठी संघटन लागतं. इथे अंबाजोगाईची गोष्ट सुरू होते.

अंबाजोगाईला संस्था उभ्या करण्याची परंपरा जुनी. स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आधी तिथल्या योगेश्वरी शाळेतच पिढी घडवली. त्याच गावात १९८२ साली डॉ. द्वारकादास लोहिया यांनी 'मानवलोक' सुरू केली. पूर्ण नाव, मराठवाडा नवनिर्माण लोकायत. लोहिया समाजवादी चळवळीतले, आणीबाणीत तुरुंगवास भोगलेले. त्यांनी पाणलोटाची कामं, छोट्या शेतकऱ्यांचं संघटन असं काम धरलं. का? कारण शेतात पाणी थांबलं तर माणूस गावात थांबतो.

त्यांच्या पत्नी शैला लोहिया मराठीच्या प्राध्यापक आणि लेखिका. त्यांनी 'मनस्विनी'च्या रूपानं बायकांचं काम उभं केलं. कुटुंबाला आधार द्यायचा म्हणतो आपण, पण कुटुंब म्हणजे कोण? नवऱ्यानं टाकलेल्या बाईला सासर नाही, माहेर दोन दिवसांचं. तिच्यासाठी चार दिवस डोकं टेकायला जागा, कायद्याचा सल्ला, पायावर उभं राहायला काम लागतं. कुटुंब हा आधार असतो तसाच तो धोकाही असू शकतो, हे मान्य करून केलेलं हे काम आहे.

आता उसाकडे वळतो. दसरा-दिवाळीला लाखो माणसं जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. अवजाराचं नाव माणसांच्या जोडीला! आधी उचल घ्यायची, मग ती अंगानं फेडायची. काम चुकलं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. याचा शेवट कुठे जातो? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत, जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. हा आकडा मी दरवेळी सावकाश सांगतो.

आणि मुलं? ती फडात जातात किंवा आजीपाशी राहतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आली. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 'शांतिवन' उभं केलं. तिथे ऊसतोड कामगारांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं राहून शिकतात.

इथे एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. लोक विचारतात, "मुलांची सोय करून तुम्ही आईबापांचं जाणं सोपं करता. म्हणजे ज्या व्यवस्थेनं त्यांना हाकललं, तिलाच हातभार लावता." आक्षेप खोटा नाही. वसतिगृहानं उचल संपत नाही, मजुरीचा दर वाढत नाही. ते काम संघटनेचं आणि सरकारचं. कोणत्याही संस्थेनं सरकारची जागा घेऊ नये आणि सरकारनंही संस्थेकडे बोट दाखवून अंग काढू नये.

पण कांटचं एक सूत्र आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं : माणसाला केवळ साधन मानू नका, तो स्वतःच साध्य आहे. व्यवस्था बदलेपर्यंत या मुलीनं फडात वाढे गोळा करावेत, म्हणजे अन्याय ठळक दिसेल, असं म्हणणं म्हणजे तिला आपल्या युक्तिवादाचं साधन करणं. तिची दहावी याच वर्षी आहे. क्रांतीची तारीख ठरलेली नाही.

२०२० ची टाळेबंदी आठवा. हंगाम संपत आलेला आणि वाटा बंद. लाखाहून अधिक ऊसतोड कामगार कारखान्यांच्या आवारात अडकले. एप्रिलमध्ये तपासणी करून परतायची परवानगी मिळाली. तोवर गावात कोण होतं? म्हातारी माणसं आणि लेकरं. अशा वेळी नवी संस्था काढता येत नाही. ज्यांना कोणत्या घरात एकटी आजी आहे हे आधीपासून ठाऊक असतं, तेच पोचतात. आणि हे ठाऊक होतं ते वर्षानुवर्षं त्या घरी जाऊन.

म्हणून देणगीदारांना माझं एक सांगणं आहे. तीन वर्षांचा प्रकल्प, मग अहवाल, मग दुसरा जिल्हा, हा हिशेब संकटाचा आहे. बीडचा प्रश्न अनिश्चिततेचा आहे. तिथे पैसा थोडा कमी चालेल, पण कार्यकर्त्याचा पगार दहाव्या वर्षीही निघाला पाहिजे.

तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी पुढे शिक्षक झाला. दिवाळीनंतर तो हजेरी घेतो आणि गैरहजर मुलांच्या घरी त्याच संध्याकाळी जातो. मी तेव्हा नुसता ओशाळून पुढचं नाव घेतलं होतं.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.