बॉल्सरूड, यान

बॉल्सरूड, यान : (१३ डिसेंबर १९१७ – ३० डिसेंबर १९८८). दुसऱ्या महायुद्धातील नॉर्वेजियन कमांडो. जन्म आजच्या ओस्लोत. १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापल्यावर तो पुढे ब्रिटनमध्ये पोहोचला आणि नॉर्वेजियन कमांडोंच्या ‘लिंगे कंपनी’त दाखल झाला.

मार्च १९४३ मध्ये ‘ऑपरेशन मार्टिन’ या जर्मनांविरुद्धच्या घातपाती मोहिमेसाठी बॉल्सरूडसह १२ जण शेटलंडहून ‘ब्रातहोल्म’ या मासेमारी बोटीने सुमारे आठ टन स्फोटके घेऊन उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो परिसरात आले. ठरलेल्या स्थानिक मदतनिसाच्याच नावाच्या दुसऱ्या दुकानदाराशी चुकून गाठ पडली आणि खबर फुटली. टोफ्टेफ्योर्ड या खाडीत जर्मन नौका चालून येताच त्यांनी बोट स्वतःच उडवून दिली. अकरा जण मारले गेले. काही छळाने, बहुतेक गोळ्या घालून. बॉल्सरूड बर्फगार पाण्यातून पोहत निसटला. एका पायात बूट नव्हता, त्याच पायाच्या अंगठ्याला गोळी लागलेली.

लिंगेनच्या डोंगरांत हिमलोटात सापडून तो दिवसेंदिवस भरकटला. बर्फाच्या चकाकीने दिसेनासे झाले, पाय हिमदंशाने काळे पडले. तसाच तो फुरुफ्लाटेनमधल्या एका घराच्या दारात येऊन पडला. तेथील मारियुस ग्रोनवोल्ड आणि सोबत्यांनी त्याला रात्री होडीतून खाडीपार नेऊन लाकडी खोपटात लपवले. त्या खोपटाला त्याने ‘हॉटेल सॅव्हॉय’ नाव दिले होते. पुढे पठारावर, खडकाच्या आडोशाला, झोपायच्या पिशवीत तो तीन आठवड्यांहून अधिक काळ पडून होता. सडणे वर चढू नये म्हणून खिशातल्या चाकूने त्याने आपल्याच पायाची बोटे कापली. एकूण नऊ गेली. अखेर सामी लोकांनी रेनडिअरच्या स्लेजवरून त्याला स्वीडनमध्ये पोहोचवले.

एकट्याने मृत्यूला हरवणारा वीर अशी त्याची ख्याती आहे. ती अपुरी आहे. बर्फातले एकटेपण त्याने सोसले हे खरे, पण हिमवादळातून डोंगर चढून त्याला अन्न पोहोचवणारे कोळी आणि शेतकरी पकडले गेले असते, तर त्यांना मरण ठरलेले होते. जर्मन चौक्या जवळ असूनही गावांतून कोणी तोंड उघडले नाही.

डेव्हिड हॉवर्थचे ‘वी डाय अलोन’ (१९५५) हे पुस्तक आणि ‘नी लीव’ (१९५७) व ‘द ट्वेल्थ मॅन’ (२०१७) हे चित्रपट या घटनेवर आधारित आहेत. बॉल्सरूडची रक्षा मान्डालेन येथे, त्याला मदत करणाऱ्या अस्लाक फोस्वोल याच्याच कबरीत ठेवलेली आहे.