कोनसमुद्रमची मूस

निजामाच्या मुलखातल्या पोलादाविषयी बोलायला बसलं की गाडी हमखास तलवारीवर जाते. दमास्कसची पाती, त्यांच्यावरची पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, सालारजंग संग्रहालयातलं शस्त्रदालन. मला तलवारीचं वावडं नाही, पण आज ती जरा बाजूला ठेवू. हे पोलाद ज्या मातीच्या भांड्यात वितळलं, त्या मुशीबद्दल मला लिहायचं आहे. माझी नोकरीची बरीच वर्षं ओतकामाच्या कारखान्यात गेली. त्यामुळे असेल, पण माझं मत असं आहे की या धंद्याचं गुपित लोखंडाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, मातीत होतं.

कोनसमुद्रम हे गाव आज तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यात, कम्मरपल्लीजवळ आहे. तेलुगूत कम्मरी म्हणजे लोहार, तेव्हा या टापूत काय चालायचं हे वेगळं सांगायला नको. नांदेडकडच्या आपल्या माणसांना हा भाग काही परका नाही. १९५६ पर्यंत दोन्हीकडे एकच राज्य होतं.

साधी अडचण आधी समजून घेऊ. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं. त्यात दीडेक टक्का कर्ब मिसळला तर तेच काम चौदाशेच्या आसपास पुरं होतं. पण चौदाशे अंशांत आपल्या कुंभाराचं लाल मडकं टिकेल का? मुळीच नाही. लाल मातीत लोह आणि क्षार भरपूर असतात. ते विरघळू लागले की भांडं मऊ पडतं, बसकण मारतं आणि शेवटी स्वतःच रस होऊन वाहतं. म्हणजे लोखंड वितळायच्या आधी मडकंच वितळायचं! त्यासाठी माती अशी हवी की जिच्यात ॲल्युमिना जास्त आणि लोह-क्षार कमी. आज कारखान्यात आपण तिला फायरक्ले म्हणतो. कोळशाच्या थरांखाली ती पुष्कळ सापडते. भट्ट्यांच्या विटा, ओतायच्या लेडलचं अस्तर, क्युपोलाच्या आतला लेप या सगळ्याला तीच लागते.

कोनसमुद्रमला कोळसाखाण नव्हती, ग्रॅनाइट होता. लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात असलेला डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ हेन्री वॉयसी १८२० च्या सुमारास इथे येऊन ही भट्टी बघून गेला. १८२४ मध्ये तो वारला. त्याचं टिपण १८३२ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. त्यात तो सांगतो की लोखंड दोन गावांचं घेत, मिरतपल्लीचं तीन भाग आणि कोंडापूरचं दोन भाग. मुशीत कोळसा घालत नसत, काचेसारखी मळी घालत. भाते चोवीस तास अखंड चालत. निघालेली वडी मातीत लिंपून पुन्हा पुन्हा मंद तापवत, म्हणजे तिचा ठिसूळपणा कमी होई. हे सगळं पोलादाच्या अभ्यासकांनी शंभरदा उद्धृत केलेलं आहे.

मी थांबतो ते मुशीच्या कृतीपाशी. ग्रॅनाइट कुजून झालेली, उष्णता सोसणारी माती. तिच्यात जुन्या भट्ट्यांचे आणि फुटलेल्या मुशींचे तुकडे कुटून घालायचे. वर भाताचा तूस आणि तेल. इतकंच. पण यातला एकेक जिन्नस बघा.

जुन्या मुशीचा चुरा एकदा भाजून निघालेला असतो, त्याला जे आकसायचं ते तो आकसून बसलेला असतो. तो मिसळला की नवी मूस वाळताना आणि तापताना कमी तडकते. आमच्या कारखान्यात क्युपोलाचं अस्तर दुरुस्त करायचं असलं की जुन्या विटा फोडून त्यांचा चुरा नव्या लेपात मिसळत. आमच्या मिस्त्रींना वॉयसी ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

तुसाची गोष्ट आणखी मजेदार आहे. तुसात सिलिका ठासून भरलेली असते, त्याची राख म्हणजे बहुतांशी सिलिकाच. उघड्यावर तूस जळून पांढरी राख होते. पण मुशीच्या भिंतीच्या आत हवा पोचत नाही, म्हणून तिथे तूस कोळसा होऊन बसतो. थेल्मा लो या संशोधिकेने दख्खनी मुशींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तुसाचे हे सांगाडे आणि मातीतून तयार झालेले म्युलाइटचे स्फटिक दिसून आले. म्युलाइट म्हणजे आजच्या अग्निरोधक विटेचा कणा. काळी, पोकळ छिद्रांची, कर्ब धरून असलेली ती भिंत तापमानाचा झटका सोसते आणि लवकर चिरत नाही. तूस म्हणजे शेतातला केरकचरा, पण ज्याने तो मातीत घातला त्याला तो काय करतो ते नक्की कळलेलं होतं.

वॉयसीला तिथे इस्फहानचा एक व्यापारी भेटला. तो पोलाद घ्यायला इतक्या लांब आला होता. हीच रीत इराणमध्ये करून पाहिली पण जमली नाही, असं त्याने सांगितलं. कारण त्याने दिलं असेल-नसेल, मला विचाराल तर वाटतं, पोलादाच्या वड्या उंटावर लादून नेता येतात, मातीवरचा हात नेता येत नाही.

इंग्रजांचंही तेच. मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉटने १७९४ मध्ये इथल्या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे धाडले. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअरसनने त्यावर रॉयल सोसायटीत निबंध वाचला, मग फॅरेडेनेही हात घातला. हा फॅरेडे लोहाराचाच मुलगा. या सगळ्यांचं लक्ष होतं पोलादाच्या अंतरंगावर. गंमत अशी की तिकडे शेफिल्डमध्ये हंट्समनच्या पद्धतीने मुशीतलं पोलाद १७४० च्या दशकापासून निघतच होतं. तिथले कामगारही स्टूरब्रिजची माती, कोकचा चुरा आणि जुन्या मुशींचं कूट अनवाणी पायांनी तासन्तास तुडवत. कोक आणि तूस, म्हणजे दोन्हीकडे भिंतीत कर्बच! एकाने दुसऱ्याकडून शिकलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. चौदाशे अंशांपुढे मातीला दुसरा मार्ग फारसा नसतो, एवढंच.

२०१० साली बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि एक्सेटर विद्यापीठ यांच्या पथकाने उत्तर तेलंगणात गावोगाव फिरून जुन्या भट्ट्यांच्या जागा नोंदवल्या. वरंगळचे स्थानिक अभ्यासक जयकिशन त्यांच्याबरोबर होते. अशा कामाला स्थानिक माणूस लागतोच, कारण मळीचा ढीग कुठल्या शेताच्या बांधावर आहे हे कुठल्याही नकाशात नसतं.

तलवार काचेच्या कपाटात सुरक्षित आहे. मुशीचा तुकडा मात्र नांगराच्या फाळाखाली, नाहीतर रस्त्याच्या भरावात जायचा. म्हणून या भागात जाणाऱ्या आपल्या मंडळींना एक विनंती. शेतात काळा, बाहेरून काचेसारखा चकाकणारा, आतून सच्छिद्र मातीचा तुकडा दिसला तर तो उचलून घरी आणू नका, जागेवरून हलला की त्याची अर्धी माहिती गेली. फोटो काढा, शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल, गावाचं आणि शेताचं नाव लिहून ठेवा, आणि शेतमालकाला विचारा की असे तुकडे आणखी कुठे निघतात.