पाच दिवसांची मुलाखत: पदवीनंतर एसएसबीला जाताना काय तयारी करायची?

कॉलेज संपल्यावरची पहिली मुलाखत बहुतेकांची वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते. 'स्वतःबद्दल सांगा'पासून सुरुवात होते आणि 'कळवतो तुम्हाला' इथे शेवट होतो. पण लष्कर, नौदल किंवा हवाई दलात अधिकारी व्हायचं असेल, तर मुलाखत पाच दिवस चालते. राहणं तिथेच, जेवण तिथेच. या मुलाखतीला एसएसबी म्हणतात, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड. हवाई दलाच्या मंडळाला एएफएसबी असं नाव आहे.

बोलावणं आलं की अनेक जण मोबाइलवर तयार उत्तरं आणि तयार कथा शोधायला लागतात. नेमकं तिथेच गणित चुकतं. का, ते कळण्यासाठी आधी या पाच दिवसांत काय होतं ते पाहू.

एसएसबीला बोलावणं कोणाला येतं?

पदवीधरांसाठी सगळ्यात ओळखीचा रस्ता म्हणजे यूपीएससीची सीडीएस परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते. हवाई दलासाठी एएफकॅट ही वेगळी परीक्षा आहे. काही प्रवेशांना लेखी परीक्षा नसते. उदाहरणार्थ, एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र असलेले पदवीधर आणि तांत्रिक शाखेसाठी अर्ज करणारे इंजिनीअर यांची अर्जातून छाननी होते आणि थेट मुलाखतीला बोलावलं जातं.

मुलाखतीचं वजन किती, हे गुणांवरून कळतं. सीडीएसमधून डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी, नौदल किंवा हवाई दल अकादमी निवडली असेल, तर लेखी परीक्षा ३०० गुणांची आणि एसएसबीही ३०० गुणांची. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी हेच प्रमाण २००-२०० आहे. म्हणजे वर्षभर गणित आणि इंग्रजीचा जो अभ्यास केला, तेवढंच वजन या पाच दिवसांना.

लष्कराची मंडळं प्रयागराज, भोपाळ, बंगळुरू आणि पंजाबात जालंधर इथे आहेत. हवाई दलाची डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी आहेत. महाराष्ट्रातल्या उमेदवाराला त्यामुळे रात्रभराचा रेल्वेप्रवास जवळपास ठरलेलाच.

पाच दिवसांत काय होतं?

केंद्रानुसार क्रम थोडा पुढेमागे होतो. ढोबळ वेळापत्रक असं असतं.

*पहिला दिवस, चाळणी.* आधी बुद्धिमापनाचे प्रश्न. मग एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात आणि त्यावर चार मिनिटांत कथा लिहायची असते. त्यानंतर गटात बसून प्रत्येकाने आपली कथा एका मिनिटात सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक समान कथा ठरवायची. दुपारी नंबर पुकारले जातात. ज्यांचा नंबर येत नाही, ते त्याच दिवशी परत फिरतात. अनेकांची एसएसबी इथेच संपते.

*दुसरा दिवस, मानसशास्त्रीय चाचण्या.* १२ चित्रांवर १२ कथा, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. मग ६० शब्द, प्रत्येक शब्दाला १५ सेकंद. शब्द पाहून मनात येईल ते वाक्य लिहायचं. पुढे ६० प्रसंग ३० मिनिटांत: असं झालं तर तुम्ही काय कराल? शेवटी १५ मिनिटांत स्वतःचं वर्णन. आई-वडील, शिक्षक आणि मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात, तुम्हाला स्वतःबद्दल काय वाटतं आणि पुढे कसं व्हायचं आहे. हे सगळं मिळून जवळपास दोन तासांचं सलग लिखाण होतं.

*तिसरा आणि चौथा दिवस, मैदान.* आठ-दहा जणांचा गट. गटचर्चा, नकाशावरून नियोजन, तीन मिनिटांचं भाषण. फळी, बल्ली आणि दोरखंड वापरून अडथळे पार करायचे. एकट्याने पार करायचे दहा अडथळे असतात आणि त्यासाठी तीन मिनिटं मिळतात. एका कामात तुम्ही प्रमुख असता आणि मदतीला साथीदार तुम्हीच निवडता.

*वैयक्तिक मुलाखत.* ती या दिवसांतच केव्हातरी होते. साधारण पाऊण तास, कधी जास्त.

*पाचवा दिवस, कॉन्फरन्स.* सगळे परीक्षक एका खोलीत बसतात. प्रत्येक उमेदवाराला दोन-चार मिनिटांसाठी आत बोलावतात आणि त्याच दिवशी निकाल लागतो.

तीन परीक्षक, एकच उमेदवार

ही पद्धत आली दुसऱ्या महायुद्धातून. ब्रिटिश सैन्याला थोड्या वेळात खूप अधिकारी हवे होते आणि नुसत्या गप्पांवरून केलेली निवड चुकत होती. त्यातून मानसशास्त्र, मैदान आणि मुलाखत अशा तीन बाजूंनी माणूस पाहण्याची पद्धत तयार झाली. आपल्याकडे ती आजही चालते.

तीन परीक्षक तुम्हाला वेगवेगळे पाहतात. मानसशास्त्रज्ञ तुमचं लिखाण वाचतो, गटचाचणी अधिकारी मैदानावर पाहतो आणि मुलाखत घेणारा समोर बसून बोलतो. तिघंही तेच १५ गुण शोधत असतात. त्यात विचारशक्ती, नियोजन, बोलण्याची ताकद, सहकार्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, झटपट निर्णय, धैर्य आणि चिकाटी हे येतात.

आता समजा, कथेत तुमचा नायक पुरात गाव वाचवतो. दुसऱ्या दिवशी मैदानावर तुम्ही गटाच्या मागे उभे राहता. आणि मुलाखतीत 'कॉलेजमध्ये कोणती जबाबदारी घेतली होती?' या प्रश्नाला उत्तरच नसतं. पाठ केलेली कथा चुकीची नसते, पण बाकीच्या दोन परीक्षकांना जे दिसलं त्याच्याशी ती जुळत नाही. शेवटच्या दिवशी तिन्ही नोंदी एकाच टेबलावर येतात. म्हणून तयारी करायची ती उत्तरांची नाही, स्वतःची.

मग तयारी कशी करायची?

*आपल्याच माहितीपासून सुरुवात करा.* तिथे गेल्यावर एक माहितीपत्रक भरून घेतात. कुठे वाढलात, आई-वडील काय करतात, दहावी-बारावी आणि पदवीचे गुण, खेळ, छंद, घेतलेल्या जबाबदाऱ्या, आधीचे प्रयत्न. मुलाखतीतले बहुतेक प्रश्न इथूनच निघतात. हे पत्रक घरीच वहीत भरा आणि प्रत्येक ओळीपुढे स्वतःला तीन प्रश्न विचारा: का, कसं, मग काय झालं? बारावीला गुण का घसरले? 'वाचन' हा छंद लिहिला असेल, तर शेवटचं पुस्तक कोणतं? गाव सोलापूर जिल्ह्यात असेल, तर तिथल्या पाण्याचा प्रश्न काय आहे?

*प्रश्नांच्या सरबत्तीची सवय करा.* अनेकदा मुलाखत घेणारा एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतो. दहावीचे गुण, आवडते शिक्षक, नावडता विषय, जवळचा मित्र, त्याच्यातला दोष, वगैरे. उत्तरं क्रमाने द्यायची असतात. एखादा प्रश्न विसरलात, तर 'सर, पुढचा प्रश्न विसरलो' असं सरळ म्हणा. घरी ताईला किंवा मित्राला असे प्रश्न एकापाठोपाठ विचारायला सांगा.

*घड्याळ लावून लिहा.* रोज एक चित्र घ्या. ३० सेकंद पाहा, चार मिनिटं लिहा. कथेत सुपरहिरो नको. तुमच्या वयाचा, तुमच्या आसपासचा माणूस असू दे, त्याच्यापुढे अडचण असू दे आणि त्याने ती हाताशी असलेल्या साधनांनी सोडवलेली असू दे. वेग आपोआप येत नाही, हाताला सवय लावावी लागते.

*मोठ्याने बोला.* मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचं दडपण असतं, आणि मुलाखत मुख्यतः इंग्रजीत होते हे खरंच आहे. पण जड शब्द शोधण्यापेक्षा छोटी, पूर्ण वाक्यं बोलण्याचा सराव करा. रोज वर्तमानपत्रातला एक विषय घेऊन तीन मिनिटं उभं राहून बोला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्या आठवड्यात स्वतःचा आवाज ऐकवत नाही. तिसऱ्या आठवड्यात कुठे अडखळतो ते कळायला लागतं.

*गटात ऐकायला शिका.* गटचर्चेत आवाज चढवणारा पुढे जातो, हा गैरसमज आहे. 'सहकार्य' हा १५ गुणांतलाच एक आहे. गप्प बसलेल्या साथीदाराला बोलायला जागा करून देणं हेही नेतृत्वच.

*शरीर.* धावणं, जोर, पुलअप्स, दोरावर चढणं. किमान दोन महिने आधी सुरुवात करा. आदल्या आठवड्यात जोर काढायला गेलात, तर दुखरे खांदे घेऊन मैदानावर उतराल.

महाराष्ट्रात मोफत प्रशिक्षण

खासगी क्लासची फी परवडत नसेल, तर नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र लक्षात ठेवा. राज्य सरकारच्या या केंद्रात महाराष्ट्रातल्या मुलामुलींना एसएसबीची तयारी मोफत करून दिली जाते, राहणं-जेवणही मोफत असतं. सीडीएस उत्तीर्ण होऊन एसएसबीला पात्र ठरलेले, तसंच 'ए' किंवा 'बी' ग्रेडचं एनसीसी 'सी' प्रमाणपत्र असलेले उमेदवार इथे अर्ज करू शकतात. त्यासाठी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. तुकडीच्या तारखा तिथेच कळतात.

निघण्याआधी

- बोलावण्याच्या पत्रातली कागदपत्रांची यादी शब्दशः तपासा. मूळ गुणपत्रिका, पदवीचा पुरावा, ओळखपत्र, फोटो. शेवटच्या वर्षाचा निकाल आला नसेल, तर कॉलेजचं पत्र आधीच घ्या. ते एका दिवसात मिळत नाही.
- त्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदाच जात असाल, तर नियमानुसार एसी थ्री टियरपर्यंतचं रेल्वेभाडं परत मिळतं. तिकीट जपून ठेवा.
- पांढरा टी-शर्ट, पांढरे बूट, दोन इस्त्रीचे शर्ट, साधं घड्याळ.
- एक दिवस आधी पोहोचा. रात्रभर जागून चाळणीला बसू नका.

निवड झाली तर, आणि नाही झाली तर

नाव पुकारलं म्हणजे नोकरी लागली असं नाही. त्यानंतर लष्करी रुग्णालयात काही दिवस वैद्यकीय तपासणी होते आणि शेवटी गुणवत्ता यादी लागते. कानातला मळ, जास्त वजन अशा कारणांनी तात्पुरतं अपात्र ठरवलं जाऊ शकतं. या गोष्टी निघण्याआधीच डॉक्टरांकडून बघून घ्या.

आणि नाव आलं नाही तर? एसएसबी कोणालाही कारण सांगत नाही, गुणांचा कागद हातात देत नाही. घरी 'काय झालं?' विचारतात आणि उत्तर नसतं. हा भाग सगळ्यात जड. पण वय आणि पात्रता असेपर्यंत प्रयत्नांना मर्यादा नाही. परतीच्या गाडीतच वही काढा आणि काय लिहिलं, कुठे अडकलो, गटात किती बोललो ते उतरवा. चार दिवसांनी आठवणार नाही. पुढच्या वेळी माहितीपत्रकात आधीचा प्रयत्न नोंदवावा लागतो आणि 'त्यानंतर स्वतःत काय बदल केला?' हा प्रश्न येऊ शकतो. त्याचं उत्तर या वहीत असेल.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम तरुणपणी वैमानिक व्हायचं म्हणून डेहराडूनच्या हवाई दल निवड मंडळासमोर गेले होते. २५ उमेदवारांत त्यांचा नंबर नववा आला. जागा आठ होत्या. पुढे त्यांनी काय केलं, ते देशाला माहीत आहे. त्या पाच दिवसांत एका पदासाठीची योग्यता पाहिली जाते, आयुष्याचा निकाल लागत नाही. जाताना आणि येतानाही, एवढं लक्षात असू द्या.