कार्ब्युरेटरनंतरचे उस्ताद

काशिमीऱ्याच्या सिग्नलवर माझी बाईक अडखळू लागली होती. हिरवा दिवा लागला की मी रेस देई, गाडी क्षणभर गप्प राही आणि मग एकदम झेप घेई. मागे ट्रक असला की तो क्षण जीवावर येतो. गाडी फ्युएल इंजेक्शनची. एका चकचकीत वर्कशॉपात स्कॅनर लावला, पण एरर कोड आला नाही. अख्खी थ्रॉटल बॉडी बदला, असं सांगण्यात आलं. खर्च ऐकून मी मीरा रोडच्या आमच्या जुन्या उस्तादांकडे गेलो.

1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं मीरा रोडला आली. उस्ताद त्यांतलेच. सामान थोडं होतं, सोबत हुनर होतं, आणि त्या हुनराचा पाया होता कार्ब्युरेटर. जर्मनीच्या मायबाखने 1893 मध्ये फवारा उडवणारा कार्ब्युरेटर बनवला. इंजिन हवा खेचतं आणि त्या हवेबरोबर पेट्रोल येतं, हे त्यामागचं तत्त्व पुढे शंभर वर्षं टिकलं. पिकअप उशिरा आला तर जेट साफ करायचा, स्क्रू फिरवायचा, आवाज कानाने जुळवायचा. शाळा अर्धवट सुटलेला मुलगाही हे शिकून घर चालवू शके.

कावासाकीने 1980 मध्येच इंजेक्शनची मोटारसायकल आणली होती. भारतात 2006 मध्ये हिरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, तरी बहुतेक गाड्या कार्ब्युरेटरवरच राहिल्या. ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नसलेली गाडी विकता येणार नाही. ती तारीख उजाडली तेव्हा देश लॉकडाऊनमध्ये होता आणि गॅरेजची शटर बंद होती. शटर उघडल्यावर समोर नव्या गाड्या उभ्या राहू लागल्या. त्यांत फिरवायला स्क्रूच नव्हता. किती पेट्रोल सोडायचं हे आता सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटर ठरवतो.

उस्तादांनी मात्र घाई केली नाही. आधी एक्सलेटरच्या केबलची ढील पाहिली, मग एअर फिल्टर. चावी फिरवून पेट्रोल पंपाचा आवाज ऐकला. मग थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा कपलर काढला. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. भाईंदरची मिठागरं, खाडीची खारी हवा आणि पावसाळ्यात तुंबणारं पाणी, या सगळ्यांनी मिळून तांबं खाल्लं होतं.

माझा हात पूर्ण वळत होता, पण कॉम्प्युटरला तो कमी वळल्याचं कळत होतं. मग कोड का आला नाही? सिग्नल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तरच कोड येतो. इथे तो चुकीचा होता, पण मर्यादेत होता. शागीर्दाने मोबाईलला जोडलेल्या स्कॅनरवर चालू आकडे दाखवले: मूठ सावकाश फिरवली तरी आकडा उड्या मारत होता. पिना साफ केल्यावर तो सरळ चढू लागला.

उस्तादांना स्कॅनर वाचता येत नाही, शागीर्दाला अजून कपलरवर संशय घ्यायचं सुचत नाही. दोघं एका दुकानात आहेत म्हणून माझे पैसे वाचले. आपल्या वस्तीत शिक्षणाच्या गप्पा पदवीपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. या पोरांना इलेक्ट्रिकचं रीतसर शिक्षण कोण देणार? उस्तादांचे कान थकायच्या आत ते मिळालं पाहिजे.