'अस्सल' या विशेषणाचा इतिहास : बिशप्स कॅसलमधील एक पब

काउंटरवर हातपंपांच्या मुठी ओळीने उभ्या होत्या आणि त्यांतल्या एकीवरची, बिअरचे नाव लिहिलेली पाटी उलटी फिरवून ठेवलेली होती. इंग्लंडातील पबच्या संकेतभाषेत याचा अर्थ, ही बिअर आता मिळणार नाही. संपली का, असे विचारले तेव्हा काउंटरमागच्या गृहस्थांनी मान हलवली. पिंप भरलेले आहे, खाली तळघरात आहे, पण अजून निवळलेले नाही. उद्या दुपारी पाहू, असे ते म्हणाले. विकण्यासाठी ठेवलेली वस्तू, ती मागणारे गिऱ्हाईक समोर उभे असताना, 'अजून झालेली नाही' म्हणून न विकणारा दुकानदार मी फार दिवसांनी पाहत होतो.

ही २०११ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. गाव बिशप्स कॅसल. श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या सीमेला लागून, वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. येथे येणारी रेल्वे उघडल्यानंतर थोड्याच काळात दिवाळखोरीत गेली आणि न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या हाती राहून १९३५ पर्यंत कशीबशी चालली. आता श्रूजबरीहून बस पकडावी लागते. गावाचा मुख्य रस्ता चर्चपासून नगरभवनापर्यंत चांगलाच चढाचा आहे, आणि तो चढून आल्यावर सॉलोप स्ट्रीटवर 'थ्री टन्स' लागते. 'टन' म्हणजे मोठे पिंप. वजनाचा आपला टनही याच शब्दापासून आला. पबला लागून त्याची जुनी ब्रुअरी, म्हणजे बिअर तयार करण्याची जागा, आहे. ती उंच, मनोऱ्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ही रचना मोठी युक्तीची : मोड आणून भाजलेले सातू आणि पाणी एकदाच वर चढवायचे, मग भिजवणे, उकळणे, निववणे, आंबवणे या साऱ्या पायऱ्या मजल्यामजल्याने खाली येतात. बाकीचे काम गुरुत्वाकर्षण करते.

(मद्यपानाविषयीची लेखकाची मते येथे अप्रस्तुत आहेत. वाचकांनी आपापली बाळगावीत.)

थ्री टन्सची ख्याती आहे ती 'रिअल एल'साठी. मराठीत 'अस्सल एल' म्हणता येईल. पण या 'अस्सल'चा अर्थ काय, हे समजून घ्यायला त्या उलट्या पाटीपासूनच सुरुवात करावी लागते. कारखान्यात गाळून, तापवून, जंतुरहित करून दाबाखाली भरलेली बिअर ज्या क्षणी बाहेर पडते त्या क्षणी ती पूर्ण झालेली असते. तिच्यात जिवंत असे काही उरत नाही. नळ फिरवला की बाहेरचा कार्बन डायऑक्साइड तिला ढकलत वर आणतो. रिअल एलच्या पिंपात मात्र यीस्ट जिवंत असते. पिंप पबच्या तळघरात आडवे निजवतात. वरच्या भोकात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकून जादा वायू जाऊ देतात, पुरेसा गेला की घट्ट लाकडाची खुंटी बसवतात. गाळ खाली बसावा म्हणून त्यात परंपरेने माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून केलेला चिकट पदार्थ घालतात. (शाकाहारी वाचकांनी नोंद घ्यावी, अलीकडे काहींनी तो सोडला आहे.) तळघर अकरा ते तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचे. नऊ गॅलनांचे, म्हणजे बहात्तर पिंटांचे पिंप एकदा उघडले की जेवढी बिअर वर ओढली जाते तेवढी हवा आत शिरते, आणि तीनेक दिवसांत ती आंबूस होऊ लागते. तेव्हा प्रश्न दुहेरी आहे. लवकर उघडले तर कच्ची, उशिरा संपली तर वाया. ब्रुअरीने पाठवलेल्या अर्धवट मजकुराचा उत्तरार्ध तळघरात लिहिला जातो, आणि गावाने तो वेळेत वाचला नाही तर तो नासतो. साहित्याच्या अभ्यासकांना हे रूपक आवडेल म्हणून दिले. तळघरात काम करणाऱ्याला त्याची गरज नसते.

आता इतिहासाकडे. ही पद्धत जुनी आहे. दांडा ओढून तळघरातून बिअर वर आणणाऱ्या पंपाचे एकस्व जोसेफ ब्रामा या संशोधकाने १७९७ मध्ये घेतले. पण 'रिअल एल' हे नाव मात्र जुने नाही. १९७१ च्या मार्चमध्ये मायकेल हार्डमन, ग्रॅहॅम लीज, जिम मेकिन आणि बिल मेलर हे चार तरुण इंग्रज सुटीसाठी आयर्लंडला गेले असता केरी परगण्यातील डनक्विन येथे क्रूगर्स बारमध्ये त्यांनी एक चळवळ काढायचे ठरवले. तिचे पहिले नाव एलच्या 'पुनरुज्जीवना'ची मोहीम असे होते; १९७३ मध्ये ते बदलून 'रिअल एल'ची मोहीम झाले, आणि 'कॅम्रा' हे आद्याक्षरी नाव तसेच राहिले. अस्सल इंग्रजी पेयाच्या रक्षणाचा संकल्प आयर्लंडच्या पश्चिम टोकावर सोडला गेला, यातली गंमत सोडून देऊ. महत्त्वाचे हे, की शेकडो वर्षे ज्या वस्तूला नुसते 'बिअर' किंवा 'एल' म्हणत, तिला विशेषणाची गरज पडली ती ती नाहीशी होऊ लागल्यावर. त्या सुमारास सहा बड्या कंपन्यांच्या हाती देशातील बहुतेक बिअर आणि हजारो पब होते, आणि त्यांना हवी होती ती कुठेही सारखीच लागणारी, तळघरातल्या माणसाच्या कौशल्यावर अवलंबून नसलेली बिअर. वॉटनीजची 'रेड बॅरल' हे तिचे कुप्रसिद्ध उदाहरण. स्वतःची बिअर स्वतः गाळणारे जुने पब तर साऱ्या इंग्लंडात चारच उरले होते : हेल्स्टनचे ब्लू अँकर, मेडलीचे ऑल नेशन्स, नेदरटनचे ओल्ड स्वान आणि हे थ्री टन्स.

'अस्सल' हा शब्द, तर, वादात घडलेला आहे. वादातले शब्द भूतकाळाची आपल्याला सोयीची तेवढीच मांडणी करतात. पंधराव्या शतकातील एखाद्या एल विकणाऱ्या बाईला (त्या काळी हा धंदा बराचसा बायकांच्या हाती होता) आजची रिअल एल दिली असती तर तिने ती एल म्हणून मान्यच केली नसती. कारण तिच्या लेखी एलमध्ये हॉप्स ही कडवट फुले नसतात. हॉप्स घातलेली ती बिअर, आणि बिअर हे समुद्रापलीकडून आलेले परके पेय. १५४२ मध्ये अँड्र्यू बोर्ड या वैद्याने आपल्या आहारविषयक ग्रंथात एल इंग्रजाच्या प्रकृतीची आणि बिअर डच माणसाच्या, अशी वाटणीच करून टाकली होती. चारशे वर्षांनी त्याच हॉप्सच्या कडवटपणाला इंग्रजीपणाची खूण मानून मोहीम निघाली.

थ्री टन्सच्या नावाशी लिहिलेल्या १६४२ या सालाचेही असेच आहे. हे परवान्याचे साल. त्याच वर्षी इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचे यादवी युद्ध पेटले. आपल्याकडे शिवाजीराजे बारा वर्षांचे होते. साल वाचले की मनात अखंड धारा उभी राहते. पण मनोरा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, रॉबर्ट्स घराण्याची मालकी १९७६ पर्यंतची, पुढे मालक बदलत गेले, आणि मी गेलो तेव्हा ब्रुअरी व पब यांचे मालकही वेगळे झालेले होते. टिकले होते ते एवढेच, की त्या जागी बिअर होत होती आणि शेजारी ती प्यायली जात होती.

या गावाचा आणखी एक जुना धंदा होता : मतांचा. १८३२ च्या सुधारणेपर्यंत या चिमुकल्या गावातून पार्लमेंटवर दोन सभासद जात. मतदार थोडे आणि विकाऊ. १७६३ च्या सुमारास जवळची वॉलकॉटची जहागीर रॉबर्ट क्लाइव्हने विकत घेतली आणि गावाच्या जागा त्याच्या खिशात गेल्या. त्याचा चुलतभाऊ जॉर्ज क्लाइव्ह १७६३ पासून १७७९ पर्यंत येथून निवडून येत होता. क्लाइव्हची संपत्ती प्रामुख्याने बंगालची. पण प्लासीच्या सोळा महिने आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हाच क्लाइव्ह वॉटसनच्या आरमाराबरोबर विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांविरुद्ध उतरला होता, आणि त्या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. विजयदुर्गाची तटबंदी मी लहानपणी पाहिली आहे. श्रॉपशरच्या या चढावर ती आठवेल असे वाटले नव्हते. 'जुने इंग्लंड' नावाचे जे शांत चित्र पर्यटकाला दाखवले जाते, त्याच्या रंगात हेही मिसळलेले आहे, आणि कोणत्याही पबच्या पाटीवर ते लिहिलेले नसते.

मग हे सारे चित्र खोटे म्हणावे काय? जॉर्ज ऑर्वेलने ९ फेब्रुवारी १९४६ च्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये 'द मून अंडर वॉटर' या आपल्या आवडत्या पबचे तपशीलवार वर्णन केले आणि शेवटाकडे कबूल केले, की असा पब नाही. पुढे १९७९ मध्ये सुरू झालेल्या वेदरस्पून या साखळीने आपल्या अनेक पबना नेमके तेच नाव दिले. नसलेल्या एकाची नक्कल अशी अनेक ठिकाणी झाली. पण ऑर्वेलचा निबंध पुन्हा वाचताना जाणवते, की त्याच्या यादीत बिअरचा क्रम बराच खाली आहे. आधी येतात गप्पा ऐकू येतील इतकी शांतता आणि नावाने ओळखणाऱ्या काउंटरवरच्या बायका. कॅम्राने नेमके पेयाचे लक्षण बांधले, आणि माझ्या मते यातच तिचे यश व अपयश दोन्ही आहेत. पेयाची व्याख्या करता येते, कायद्यात घालता येते. १९८९ च्या सरकारी हुकमांनी दोन हजारांहून अधिक पब असलेल्या कंपन्यांना त्यावरच्या संख्येतील निम्मे पब बंधनातून सोडायला लावले, आणि कंपन्यांच्या भाडेकरूंना एक पाहुणी, पिंपात मुरलेली एल बाहेरून आणण्याची मुभा दिली. पेयाचा विजय झाला. पण सोडलेले पब बिअर न गाळणाऱ्या, इमारतींचे भाडे मोजणाऱ्या नव्या कंपन्यांनी घेतले. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या घरात असलेले पब आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहेत. तेवढ्याच काळात छोट्या ब्रुअरींची संख्या मात्र कितीतरी वाढली. बिअर वाचली आणि ती पिण्याची घरे गेली, हा हिशेब त्या चौघांनी मांडलेला नव्हता. मांडता आला असता असेही नाही.

दुसऱ्या दिवशी बारा-सव्वाबाराला मी पुन्हा गेलो. पाटी सरळ झाली होती. पहिला पेला त्या गृहस्थांनी उजेडाकडे धरून पाहिला, स्वतः एक घोट घेतला आणि उरलेला ओतून दिला. दुसरा माझ्यासमोर ठेवला. कोपऱ्यात तिघे म्हातारे गावात होऊ घातलेल्या कुठल्याशा रस्तादुरुस्तीवर बोलत होते. त्यांच्यापैकी एकाने आपला पेला न मागता भरलेला पाहिला आणि बोलणे न थांबवता पैसे काउंटरवर ठेवले. माझी बस दोनला होती.