तापीतला गळ आणि १८९७ चा कायदा

१/ भुसावळजवळची तापी कधी गोठत नाही. अमेरिकेतील मिनेसोटात गोठलेल्या तळ्यावर माणशी दोन दोऱ्या सोडता येतात, उघड्या पाण्यात सहसा एकच. आपल्या जुन्या कायद्याने दोऱ्या मोजल्याच नाहीत.

२/ फ्रान्सिस डे यांच्या १८७३ च्या अहवालात बारीक विणीच्या जाळ्यांनी पिल्ले संपत असल्याची तक्रार होती. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग व विष या दोन्हींवर बंदी घातली. सुरुंगासाठी दोन महिने कैद किंवा २०० रुपये दंड.

३/ कलम ६ ने प्रांतिक सरकारांना ठरावीक पाण्यांपुरते नियम करण्याचा अधिकार दिला. विषय तीन: जाळी, बांध आणि ‘स्थिर साधने’. गळाचे नावही नाही! मात्र स्थिर साधनाच्या व्याख्येत जमिनीत रोवलेली किंवा अन्य रीतीने जागच्या जागी बांधलेली कोणतीही युक्ती येते. म्हणजे अनेक गळांची दोरी (कोकणातली दावण) खुंटीला बांधली की ती या व्याख्येत बसू शकते. हातातली काठी बसत नाही. प्रश्न गळ किती हा नव्हताच, दोरी कोणाच्या हातात हा होता. हौशी साहेबाची काठी सुटते, रात्रभर दोरी लावून ठेवणाऱ्या भोई-कोळ्याचे पोट नियमाच्या कक्षेत येते.

४/ त्याच कलमानुसार एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत संपूर्ण मासेमारी बंद ठेवता येत असे. तेव्हा मात्र काठीही सुटत नसे.